नाताळ करायचा की नाही?

ख्रिस्ती लोकांत सुतक असतं का, हा प्रश्न मला शाळेत असल्यापासून अनेकांनी विचारला आहे. उत्तर सरळ आहे. नसतं. तेरावं नाही, श्राद्ध नाही, मरणामुळे घराला विटाळ होतो ही कल्पनाही नाही. पण आम्ही बेळगावचे मराठी ख्रिस्ती. आमच्या घराण्यात देव बदलला त्याला चार पिढ्या झाल्या, तरी चालीरीती मागच्या दाराने ये-जा करत राहिल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हळद लागते, हिरव्या बांगड्या भरल्या जातात. आणि ज्या घरी कुणी गेलं असेल, त्या घरी वर्षभर सण होत नाही. नाताळला त्या दारावर चांदणी लागत नाही, तळणाची कढई चढत नाही. नातेवाईक आणि शेजारी आपल्या घरचा फराळ डब्यात घालून तिथे नेऊन देतात.

ही रीत मला कधी वाईट वाटली नाही. उलट तिच्यात मोठा समजूतदारपणा आहे. दुःखात असलेल्या माणसाकडून हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करायची नाही, त्याला वर्षभर मोकळीक द्यायची, आणि तोवर गोडाधोडाची जबाबदारी बाकीच्यांनी उचलायची. यात न पटण्यासारखं काय आहे?

माझे पप्पा २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. नाताळ अडीच महिन्यांवर होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आईने वाण्याला यादी दिली: रवा, मैदा, पिठीसाखर, सुकं खोबरं, खसखस, वेलदोडे, भाजणीसाठी डाळी. मी यादी वाचून तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "काही राहिलंय का?" मी म्हटलं, "आई, यंदा?" तिने यादी माझ्या हातातून घेतली, खाली चणाडाळीचं वजन वाढवलं आणि परत दिली.

बातमी थोरल्या काकांपर्यंत पोचायला दोन दिवस लागले. काका पप्पांपेक्षा सहा वर्षांनी मोठे. त्यांनी फोन मला केला, आईला नाही. धाकट्या भावजयीशी थेट वाद घालणं त्यांच्या स्वभावात नाही. "तुझ्या आईला सांग," ते म्हणाले, "माझ्या भावाला जाऊन तीन महिने पण झाले नाहीत. लोक काय म्हणतील ते सोड. तुम्हाला कसं गोड लागेल?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर मला उत्तर द्यायला सोपं गेलं असतं.

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. आई चणाडाळ भाजत होती. ती म्हणाली, "सण माझा आहे का? त्याचा आहे. माझ्या घरी कुणी गेलं म्हणून त्याचा जन्म पुढे ढकलायचा? दादांना सांग, मला पण गोड लागणार नाहीये. तरी करणार आहे."

गोड लागणार नाही, तरी करणार. त्यानंतर कित्येक दिवस मी या वाक्यापाशीच अडकून होते. कारण रविवारच्या प्रवचनांत, युवक संघाच्या शिबिरांत, नाताळच्या शुभेच्छापत्रांत 'प्रभूमध्ये खरा आनंद' हे शब्द मी इतक्यांदा ऐकले होते की ते गुळगुळीत झाले होते. आईच्या वाक्यात आनंद हा शब्दही नव्हता. पण आनंदाविषयी इतकं टोकदार मी पूर्वी काही ऐकलं नव्हतं.

थोडं मागे जायला हवं. पप्पांचं डायलिसिस तीन वर्षं चाललं. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास. ज्यांच्या घरी हे झालं आहे त्यांना बाकीचं सांगायला नको: पाण्याच्या बाटलीवर मार्करने मारलेल्या रेघा, उन्हाळ्यात घसा ओला करायला बर्फाचा एक खडा, केळं नाही, नारळपाणी नाही, दारात आंब्याची पेटी आली तरी एका फोडीवर समाधान. डाव्या हातात सुया, त्यामुळे तो हात हलवायचा नाही. उजव्या हातात ते छोटा नवा करार धरत आणि पानं उलटायला मी शेजारी बसत असे. वाचायचं काय, हे ठरलेलं होतं. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र.

"लहान आहे," ते म्हणायचे. "चार अध्याय, एकशेचार वचनं. वाचून झालं तरी यंत्र थांबलेलं नसतं, मग पुन्हा सुरुवात."

हे पत्र आनंदाचं पत्र म्हणून ओळखलं जातं, आणि पौलाने ते तुरुंगातून लिहिलं. आनंद करा, असं तो वाचणाऱ्यांना सांगतो आणि एकदा सांगून भागत नाही म्हणून लगेच पुन्हा सांगतो. आपल्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकांवर, मोटारींच्या मागच्या काचेवर हे वचन असतं. पण पप्पांमुळे मी ते पत्र सलग, पुन्हा पुन्हा ऐकलं, आणि त्यात दिनदर्शिकेवर कधी न येणाऱ्या गोष्टी दिसू लागल्या. त्याच पत्रात पौल म्हणतो की काही लोकांविषयी लिहिताना त्याला रडू येतं आहे. त्याच पत्रात एपफ्रदीत नावाच्या साथीदाराची हकिकत आहे. तो आजारी पडून मरणाच्या दारी गेला होता. देवाने दया केली आणि तो वाचला. पौल कबूल करतो की तो गेला असता तर माझ्या दुःखावर आणखी दुःख आलं असतं. म्हणजे एक दुःख आधीचं होतंच. ते गेलेलं नव्हतं. आनंद करा म्हणणारा माणूस ते दुःख जवळ ठेवूनच लिहीत होता.

पप्पांना त्या पत्रामागची गोष्ट जास्त आवडायची. ती प्रेषितांच्या कृत्यांत आहे. पौल आणि सीला यांना फिलिप्पै शहरात छड्यांनी मारून तुरुंगात टाकतात, आतल्या कोठडीत, पाय खोड्यात अडकवून. मध्यरात्री ते दोघं प्रार्थना करतात आणि गातात. बाकीचे कैदी ऐकत असतात. मग भूकंप होतो, दारं उघडतात, तुरुंगाचा अधिकारी घाबरून स्वतःचा जीव घ्यायला निघतो, पौल त्याला थांबवतो. तो अधिकारी त्याच रात्री यांच्या जखमा धुतो, घरी नेऊन जेवायला वाढतो, आणि घरादारासह बाप्तिस्मा घेतो. पप्पा म्हणायचे, "भूकंपाचं सगळे सांगतात. पण गाणं भूकंपाच्या आधीचं आहे." आणि पुढे: "काही वर्षांनी हे पत्र फिलिप्पैच्या मंडळीत मोठ्याने वाचलं गेलं असेल, तेव्हा तो तुरुंगवाला ऐकत बसला असेल की नाही? त्याला वाटलं असेल, याने आम्हाला आनंदाचं सांगावं, याला मी खोड्यात गाताना ऐकलंय."

तो तिथे बसला होता की नाही, हे शास्त्रात लिहिलेलं नाही. पण पप्पांची ही कल्पना मला फार आवडते. ते शिक्षक होते. वर्गात कोण कुठे बसलं आहे हे पाहायची सवय त्यांना होती.

पप्पा बरे झाले नाहीत. हे सरळ लिहिते, कारण आपल्या सभांमधून हे वाक्य फारसं ऐकू येत नाही. साक्ष द्यायला उभे राहतात ते बहुधा सुटलेले लोक: गाठ विरघळली, नोकरी लागली, व्हिसा आला. देवाचे आभार मानावेत, जरूर मानावेत. पण मोबाईलवर रोज सकाळी येणाऱ्या काही प्रवचनकारांनी आनंदाचा दरच ठरवून टाकला आहे. इतका विश्वास ठेवा, इतका आशीर्वाद मिळेल, तितके आनंदी व्हाल. मग जो आनंदी नाही त्याचा विश्वास कमी पडला, हे गणित आपोआप येतं. पप्पा गेल्यावर एका पाहुण्याने आमच्याच बैठकीत बसून आईला जवळजवळ असंच सांगितलं. आईने त्यांना चहा दिला. कपाखाली बशी द्यायची मात्र ती विसरली, आणि ती असं कधी विसरत नाही.

नोव्हेंबरमध्ये गुरुवारच्या घरोघरच्या प्रार्थनेची पाळी आमच्या घरी होती. आई साक्ष द्यायला उभी राहिली. ती म्हणाली, "तीन वर्षं आपण सगळ्यांनी प्रार्थना केली. ते बरे झाले नाहीत. त्या तीन वर्षांत मला कधी एकटं वाटलं नाही. आता वाटतं. रात्री फार वाटतं. पण ज्याच्याशी तेव्हा बोलत होते, त्याच्याशीच आता बोलते. एवढंच." आणि ती बसली. पाळकसाहेबांना पुढे काय म्हणावं ते क्षणभर सुचेना. मग कुणीतरी उपासना संगीतातलं एक गीत सुरू केलं आणि तबला नसल्यामुळे सगळे मांडीवर ताल धरून गायले.

आता केडगावचं सांगते, कारण आईच्या त्या नाताळाचं मूळ तिथे आहे.

आईची आजी, म्हणजे माझी पणजी, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात वाढली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून ज्या शेकडो मुलींना रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणलं, त्यांतली ती एक. मूळची मराठी नव्हेच. मराठी ती केडगावला शिकली, मराठी गाणी तिथेच म्हणाली, आणि पुढे लग्न होऊन बेळगावला आली तेव्हा ती इतकी मराठी झाली होती की गुजरातीतले तिला फक्त आकडे आठवत. (आमच्या मराठीपणाची मुळं विचारणाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.) तिला आपलं आडनाव ठाऊक नव्हतं. वय अंदाजे होतं. आई-वडील आणि भावंडं दुष्काळात गेली होती. वाढदिवस तर नव्हताच. म्हणून तिने नाताळ हाच आपला दिवस ठरवला. तिच्या हयातीत आमच्या घरी नाताळ कधी चुकला नाही, असं आई सांगते. स्वतःचा एक मुलगा गेला त्या वर्षीही चुकला नाही. तिने सुतक धरायचं म्हटलं असतं तर कुणाकुणाचं धरलं असतं?

पणजीच्या या वागण्यामागे रमाबाई होत्या, असं मला वाटतं. त्यांचं आयुष्य आपल्या पाठ्यपुस्तकांत समाजसुधारकांच्या धड्यात येतं आणि दोन परिच्छेदांत संपतं. तेव्हा थोडं सविस्तर सांगते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलातला. म्हणजे आजच्या कर्नाटकातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवलं, पुराणं सांगत तीर्थांमागून तीर्थं पालथी घातली. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेली. मग भाऊ गेला. लग्न झालं ते बिपिनबिहारी मेधावींशी. ते १८८२ साली कॉलऱ्याने गेले, संसार दोन वर्षांचाही झाला नव्हता. पदरात लहानगी मनोरमा. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथेच बाप्तिस्मा घेतला.

इथे सुखांत व्हायला हवा होता, निदान प्रचारपत्रकाच्या हिशेबाने. पण रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलेली साक्ष फार प्रामाणिक आहे. त्या सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता आणि त्यावर त्यांचं समाधानही होतं, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला जवळजवळ आठ वर्षं लागली. त्या आठ वर्षांत त्या अमेरिका फिरून आल्या होत्या, व्याख्यानं दिली होती, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं होतं. काम उत्तम चाललं होतं, नाव झालं होतं. तरी आत काहीतरी कोरडं होतं, आणि हे त्यांना कळत होतं. त्या दिवसांत विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा गृहस्थ कित्येक वर्षं चर्चचा पाळक होता आणि मग एक दिवस स्वतःच उपदेश करता करता त्याचं मन पालटलं. व्यासपीठावर उभ्या असलेल्या माणसालाही जे मिळालेलं नसतं ते काय, हा प्रश्न रमाबाईंनी स्वतःला लावून घेतला. आपण काही कमावून देवापुढे ठेवायचं नाही, तो स्वतःलाच देतो आहे ते घ्यायचं, हे तेव्हा उमगलं, आणि त्यानंतर त्यांच्या लिहिण्यातला सूरच बदलला.

बाहेरून पाहिलं तर पुढेही काही सोपं झालं नाही. टीका झाली, कामाचे डोंगर उभे राहिले, दुष्काळामागून दुष्काळ आले आणि प्रत्येक वेळी केडगावची दारं आणखी उघडली. आयुष्याची शेवटची अनेक वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत. ते छापायचं कामही सदनातल्या बायकांनीच केलं. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. रमाबाईंचं सगळं रक्ताचं माणूस आता संपलं होतं. त्या भाषांतराला पुन्हा बसल्या, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या.

त्या शेवटच्या नऊ महिन्यांना मी आनंदाचे म्हणेन का? सुखाचे नक्कीच नव्हते. पण हातातलं काम आणि ज्याच्यासाठी ते करायचं तो, हे दोन्ही त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ शकलं नाही. शिष्यांच्या निरोपाच्या रात्री प्रभू येशूने जे सांगितलं ते हेच आहे: तुम्ही आता दुःखी व्हाल, पण पुढे जो आनंद मिळेल तो कुणाला हिरावता येणार नाही. बाळंतिणीच्या वेणांचा दाखला त्याने तिथे दिला आहे. वेणा खोट्या असतात असं तो म्हणत नाही.

रमाबाईंच्या त्या आठ वर्षांविषयी वाचल्यापासून मला लूकच्या पंधराव्या अध्यायातला थोरला मुलगा वेगळा दिसू लागला आहे. त्या अध्यायात हरवलेलं सापडल्याच्या तीन गोष्टी आहेत आणि तिन्हींमध्ये शेवटी आनंद केला जातो. मेंढपाळ मेंढरू खांद्यावर घेऊन येतो. बाई दिवा लावून, घर झाडून हरवलेलं नाणं शोधते. बाप उधळ्या मुलासाठी मेजवानी मांडतो. आपल्याकडे उपदेश होतो तो बहुधा उधळ्या मुलावर. पण आपण, म्हणजे जन्मापासून चर्चमध्ये वाढलेली, रविवारच्या शाळेत वचनं पाठ केलेली, चार पिढ्यांची ख्रिस्ती मुलं, त्या गोष्टीत असलो तर शेतावरून परत येणाऱ्या थोरल्याच्या जागी आहोत. त्याला आतून गाण्याबजावण्याचा आवाज येतो आणि तो आत जात नाही. इतकी वर्षं राबलो, मित्रांबरोबर मजा करायला कधी एक करडूसुद्धा मिळालं नाही, अशी त्याची तक्रार आहे. बाप बाहेर येतो आणि सांगतो की जे माझं आहे ते सगळं तुझंच आहे. म्हणजे करडू गोठ्यातच होतं. तो कायम घरातच राहिला होता, आणि इतक्या वर्षांत आनंद करायला त्याने स्वतःला नोकरासारखी परवानगी दिली नव्हती.

तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. गोष्ट बाप अंगणात उभा असतानाच संपते.

बेळगाव, कोल्हापूर, मिरज, सोलापूर इथल्या आमच्या पिढीतले खूप जण या अंगणात उभे आहेत, असं मला दिसतं. आता पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीत आहेत. नाताळला घरी येतात, पांढरा शर्ट घालून उपासनेला बसतात, गाणी पाठ असतात. ते काही हरवलेले नाहीत, कुठे गेलेलेही नाहीत. फक्त आतल्या गाण्याशी आपला काही संबंध आहे असं त्यांना वाटत नाही. त्यांना आणखी एखादा नियम सांगून उपयोग होईल असं मला वाटत नाही. नियम त्यांनी पाळलेच आहेत.

नारायण वामन टिळकांकडे याचं एक वेगळं उत्तर होतं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला, हे आमच्याकडे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. ते डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच खिळले. १८९५ ला बाप्तिस्मा झाला. पण टिळकांनी तुकोबांना मागे सोडलं नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. दुष्काळात बायको-मुलगा गेल्यावर, दुकान बुडाल्यावरही विठोबाशी भांडत आणि त्याचेच आभार मानत राहणारा माणूस ज्यांनी लहानपणापासून ऐकला आहे, त्यांना फिलिप्पैच्या तुरुंगातलं मध्यरात्रीचं गाणं परकं वाटण्याचं कारण नाही. टिळकांनी मंडळीला टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी गीतं दिली. उपासना संगीतात त्यांचा वाटा केवढा मोठा आहे ते पुस्तक चाळलं तरी कळतं. इंग्रजी चालींतली गाणी आम्ही उभं राहून नीट म्हणतो. टिळकांची म्हणताना म्हाताऱ्या बायका डोळे मिटतात.

आणि लक्ष्मीबाई. नवऱ्याने धर्म बदलल्यावर पाच वर्षं त्यांनी त्या नव्या धर्मात पाऊल टाकलं नाही. रडल्या, आजारी पडल्या, रागावल्या. १९०० साली स्वतःच्या पायांनी आल्या. 'स्मृतिचित्रे' वाचताना पानापानावर हसू येतं, आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की आपण ज्यावर हसलो तो प्रसंग उपासमारीचा किंवा अपमानाचा होता. तो विनोद त्यांनी वरून लावलेला नाही. ज्यांना कुणी अजून बायबलमधला आनंद समजावून सांगितलेला नाही, त्यांच्या हातात मी आधी 'स्मृतिचित्रे' देईन.

तर, त्या वर्षी नाताळ झाला. चोवीस तारखेला दुपारी कढई उतरली. करंज्या थोड्या फुटल्या, कारण त्या भरायचं काम दर वर्षी पप्पा करत आणि मुरड घालायला त्यांच्यासारखा हात कुणाचाच नाही. तळताना सारण तेलात सुटलं आणि आई ते झाऱ्याने काढता काढता रडली. तिने गॅस बंद केला नाही. संध्याकाळी ताटं भरून आम्ही शेजारी दिली. समोरच्या काकूंनी ताट घ्यायला हात पुढे केला आणि मग थबकल्या. "आम्हीच आणून देणार होतो हो तुम्हाला," त्या म्हणाल्या. त्यांनी खरंच आणलं, त्याच रात्री, बेसनाचे लाडू. रीत त्यांनीही मोडली नाही. रात्री कॅरल म्हणणारी पोरं आली, दाराशी येऊन घुटमळली, आत जावं की पुढच्या घरी जावं ते त्यांना कळेना. आईने चांदणीचा दिवा लावला आणि ती गायला लागली. पहिल्या दोन ओळी तिने एकटीने म्हटल्या. आवाज चांगला लागला नव्हता.

काका त्या नाताळला आले नाहीत. त्यांच्या घरी आम्ही ताट पाठवलं, ते काकूने ठेवून घेतलं. काका चुकले असं मी म्हणणार नाही. भाऊ गेल्यावर गोड न खाणं ही त्यांची प्रार्थनाच होती, आणि ती देवापर्यंत पोचली नसेल असं मला वाटत नाही.

आमची मंडळी पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे दफनभूमीत जमते. २०२३ साली तो रविवार एप्रिलच्या नऊ तारखेला होता. साडेपाचला पोचलो तेव्हा अंधार होता, गारवा होता. लोक आपापल्या माणसांच्या कबरी झाडत होते, मेणबत्त्या लावत होते. पप्पांच्या कबरीवर अजून दगड बसवलेला नव्हता, नुसता मातीचा उंचवटा आणि लाकडी क्रूस. काका आमच्या आधीच आले होते. ते खराट्याने एका बाजूचा पालापाचोळा काढत होते. आईने पिशवीतून झाडू काढला आणि दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. दोघं काही बोलले नाहीत. मध्ये आल्यावर काकांनी आईच्या बाजूचा कचरा आपल्या सुपलीत ओढून घेतला.

पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला. काकांचा आवाज मोठा आहे आणि सुराला थोडा कच्चा. पप्पा त्यांच्या शेजारी उभे राहायला नको म्हणायचे. त्या दिवशी मी उभी राहिले. दुसऱ्या कडव्याला माझ्या भावाच्या चार वर्षांच्या मुलीने आईचा पदर ओढून विचारलं, "आजी, आता आजोबा उठणार का?" आईने गाणं न थांबवता मान डोलावली. मग उजाडलं, आणि दरवाजापाशी युवक संघाने मोठ्या पातेल्यात आणलेली इडली आणि चहा घ्यायला आम्ही रांगेत उभे राहिलो.